सरासरीसाहेब, आमचे हजार रुपये कुठे ठेवलेत?

मा. सरासरीसाहेब,
अर्थशाखा, नवी दिल्ली
(मजला आणि खोली आम्हाला ठाऊक नाही; पत्र पोचेल तिथं पोचेल.)

सा. न. वि. वि.

तुमचं खरं नाव आम्हाला कधीच कळणार नाही. सरकारी कागदावर सही एकाची असते, डोकं दुसऱ्याचं असतं आणि शिव्या तिसराच खातो. आमच्याकडं बहुतेक वेळा गावातली आशाताई खाते. म्हणून तुमचं बारसं आम्हीच उरकलं. ज्या एका शब्दाच्या आडून तुम्ही देशभरातल्या गरोदर बायकांचे हजार-हजार रुपये गिळलेत, तोच शब्द तुम्हाला नाव म्हणून शोभतो.

हिशेब मुळापासून मांडतो. २०१३ साली संसदेनं राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा केला. त्याच्या चौथ्या कलमात स्वच्छ लिहिलंय की प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान सहा हजार रुपये मातृत्व लाभ मिळेल. सरकारी नोकरीतल्या आणि दुसऱ्या कायद्यानं असाच लाभ घेणाऱ्या बायका तेवढ्या वगळल्या. बाकी सगळ्या आत. पहिलटकरीण असो की तिसऱ्या खेपेची. हा कायदा आहे साहेब, कुणाच्या वाढदिवसाचं साडीवाटप नव्हे. तरी तीन वर्षं तुमच्याकडून काही हललं नाही. देशातल्या पन्नासेक जिल्ह्यांत आधीपासून एक प्रायोगिक योजना चालू होती, महाराष्ट्रात अमरावती आणि भंडाऱ्यात. तोच प्रयोग तुम्ही निवांत चघळत बसलात.

मग ३१ डिसेंबर २०१६ची संध्याकाळ आली. नोटाबंदीनं बेजार झालेला देश दूरदर्शनसमोर बसला होता आणि पंतप्रधानांनी गरोदर महिलांना सहा हजार रुपये देण्याची घोषणा केली. कायद्यानं तीन वर्षांपूर्वीच देऊ केलेली रक्कम नवी भेट म्हणून जाहीर झाली, पण ते सोडा. आमच्याकडं टाळ्या पडल्या. मे २०१७मध्ये मंत्रिमंडळानं प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेला मंजुरी दिली तेव्हा मात्र आकडा पाच हजार झाला होता आणि लाभ फक्त पहिल्या जिवंत अपत्यासाठी उरला होता. पाच महिन्यांत हजार रुपये गेले, आणि दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या सगळ्या आया यादीतून गेल्या. इतकी सफाईदार हातचलाखी गंगावेशीतल्या जादूगारालाही जमायची नाही.

हजाराबद्दल विचारलं तर तुमचं उत्तर तयार होतं. दवाखान्यात बाळंत झाली की जननी सुरक्षा योजनेतून काही पैसे मिळतात, ते यात धरा, म्हणजे ‘सरासरी’ सहा हजार होतात. वा! आता हे गणित जरा कोल्हापूरच्या पाटीवर मांडून बघू. जननी सुरक्षा योजनेत महाराष्ट्रातल्या ग्रामीण बाईला मिळतात सातशे, शहरातल्या बाईला सहाशे. तेही तिच्याकडं दारिद्र्यरेषेचा दाखला असेल किंवा ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर. म्हणजे भुदरगडातल्या गरीब घरच्या पोरीचे झाले पाच हजार सातशे. इचलकरंजीत कांडी मशीनवर उभी राहणारीचे पाच हजार सहाशे. आणि जिचा दाखला नाही, तिचे पाच हजार ते पाच हजारच. उत्तर प्रदेशातल्या खेड्यात तीच रक्कम चौदाशे आहे, तिथं बेरीज सहा हजार चारशे होते. तिची आणि आमचीची सरासरी तुम्ही काढलीत. पण पंचगंगेकाठच्या बाईनं उत्तर प्रदेशातल्या बाईच्या ताटातला घास कसा खायचा, हे तेवढं परिपत्रकात राहून गेलं.

कायद्यातला शब्द ‘प्रत्येक’ आहे. प्रत्येकीला किमान सहा हजार. सरासरी हा शब्द त्या कलमात नाहीच, तो तुम्ही आणलात. संसदेनं लिहिलेलं वाक्य मार्गदर्शक सूचनांत खोडून काढायची ही तुमची पद्धत दुसऱ्या कुणी वापरली असती तर त्याला अफरातफर म्हटलं असतं. तुम्ही वापरलीत म्हणून ती वित्तीय शिस्त.

बरं, पाच हजार तर पाच हजार, ते तरी नीट मिळावेत. करवीर तालुक्यातल्या एका उपकेंद्रात मी लसीकरणाच्या दिवशी बसलो होतो. बाकावर एक विशीतली पोरगी, मांडीवर तीन महिन्यांचं बाळ. आशाताईच्या हातात तिच्या कागदांची प्लॅस्टिकची पिशवी. आधार कार्ड शाळेत असताना काढलेलं, त्यावर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. माता-बाल कार्ड सासरच्या नावानं. पासबुकावर तिसरंच, कारण लग्नात नावसुद्धा बदललं आणि बँकेतल्या साहेबानं ते जसं ऐकलं तसं लिहिलं. आधारला जोडलेला मोबाईल भावाचा, आणि भाऊ चाकणला कंपनीत रात्रपाळीला, दिवसा झोपलेला. ओटीपी यायचा त्याच्याकडं. तो उठून सांगेपर्यंत मुदत संपायची. ‘पैसं आल्यात म्हणं, पन कुटल्या खात्यात गेल्यात त्येच कळंना,’ आशाताई म्हणाली. शेवटी उलगडा असा की सिमकार्ड घेताना दुकानदारानं अंगठा लावून एक पेमेंट बँकेचं खातं उघडलं होतं, आधारला शेवटचं जोडलेलं खातं तेच, आणि सरकारचा पैसा अशा शेवटच्या जोडलेल्या खात्यातच जातो. त्या पोरीला आपलं असं काही खातं आहे हेच माहीत नव्हतं. तरी ती हसत होती. मी तिच्या जागी असतो तर उपकेंद्राची खुर्ची तरी मोडली असती.

तुम्ही म्हणाल, यात माझा काय दोष? दोष सांगतो. योजना तुम्ही पहिल्या बाळंतपणासाठी केलीत. आता आमच्याकडं पहिलं बाळंतपण कुठं होतं हे साताऱ्यापासून चंदगडापर्यंत कुठल्याही म्हाताऱ्या बाईला विचारा. सातव्या महिन्यात ओटी भरली की पोरगी माहेरी जाते आणि बाळ सव्वा-तीन महिन्यांचं होईतो तिथंच राहते. नोंदणी सासरी कागलला, पहिल्या तपासण्या कागलला, बाळंतपण माहेरी शाहूवाडीला, जन्माची नोंद तिथल्या ग्रामपंचायतीत आणि पहिल्या लसी तिथल्या सिस्टरच्या हातून. एक हप्ता तपासणीवर, दुसरा जन्मनोंदणी आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसींवर. म्हणजे जी एकमेव वेळ बाई हमखास दोन घरांत, दोन तालुक्यांत वाटलेली असते, नेमक्या त्याच वेळेसाठी तुम्ही एका पत्त्याचा, एका नावाचा, एका मोबाईलचा फॉर्म केलात. हे ठरवून जमत नाही साहेब, आणि चुकून तर त्याहून जमत नाही.

न्यायानं बोलायचं तर एक गोष्ट सुधारलीत. २०१७च्या फॉर्मवर नवऱ्याचंही आधार लागायचं. टाकून दिलेली, फसवलेली, एकटी बाई गरोदर असूच शकत नाही असा तुमचा समज होता. २०२२च्या एप्रिलपासूनच्या नव्या रूपात नवऱ्याच्या आधारची सक्ती काढलीत. पाच वर्षं लागली, पण काढलीत. तीनाचे दोन हप्ते केलेत, तेही बरं झालं. मात्र जुनं पोर्टल बंद आणि नवं धड चालू नाही, या मधल्या फटीत ज्या बाळंत झाल्या त्यांनी महिनोन् महिने काय केलं हे तुमच्या डॅशबोर्डवर दिसत नाही. बाळ थांबलं नाही एवढं खरं.

त्याच २०२२च्या नव्या नियमात तुमच्या डोक्यातली आणखी एक कल्पना उतरली. दुसऱ्या खेपेला मुलगी झाली तर सहा हजार, एकरकमी. मुलगा झाला तर काही नाही. हेतू चांगला आहे, मान्य. आमच्या जिल्ह्याला तर या विषयात तोंड वर करून बोलायची सोयच नाही. २००१च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागं ८३९ मुली होत्या. पुढं सोनोग्राफी यंत्रांवर नजर ठेवणारी यंत्रणा बसवण्यापर्यंत इथल्या प्रशासनाला जावं लागलं, तरी २०११ला आकडा ८६३पर्यंतच आला. सुपीक जमीन, सहकारी साखर कारखाने, दारात दूध, आणि मुली गायब. तेव्हा मुलीच्या आईला पैसे द्या, जरूर द्या. पण साहेब, मुलगी आहे की मुलगा हे पोटात असताना कळू द्यायचं नाही असा या देशाचा कायदा आहे, आणि तो योग्यच आहे. मग ही रक्कम बाळंत झाल्यावरच मिळणार. गरोदरपणी दूध-अंडी खावीत, शेवटच्या महिन्यांत कामावर जाऊ नये म्हणून द्यायचे पैसे, तुम्ही गरोदरपण संपल्यावर देता. आणि दुसरा मुलगा पोटात असणारीनं नऊ महिने काय खायचं? तिच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बाळाचं लिंग बघून वर-खाली होतं असं वैद्यकशास्त्रात कुठं लिहिलं असेल तर तेवढं पान पाठवा.

आता ज्यांच्यासाठी हे सगळं खरं म्हणजे असायला हवं, त्यांच्याकडं या. दिवाळीनंतर बीडकडून ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून ऊसतोड कामगार आमच्याकडं येतात. शिरोळ, करवीर, हातकणंगल्याच्या फडांत पहाटे थंडीत कोयता सुरू होतो. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांची मिळून मुकादमाकडून उचल घेतलेली. एक जण बसला की खाडा, आणि खाडा पडला की दंड. आठव्या महिन्याची बाई मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढते, कारण तिच्या न चढण्याचा हिशेब मुकादमाच्या वहीत लगेच लागतो. तिची गरोदरपणाची नोंद गावाकडं, राहणं इथं पालात, लस कुठं टोचली तर टोचली. तुमच्या कागदावर योजना देशभर कुठंही लागू आहे. फडातल्या बाईला विचारलं तर ती ‘कसली योजना?’ असं विचारते. तिला शोधत फिरायचीही गरज नाही. ती वर्षातून दोनदा स्वतःच ठरलेल्या रस्त्यानं येते-जाते, आणि कारखान्याला तिची संख्या अगदी अचूक माहीत असते.

पाच हजारांत तिला किती दिवस बसता येईल? २०२५-२६ सालचा महाराष्ट्राचा रोजगार हमीचा मजुरीदर ३१२ रुपये होता. पाच हजार भागिले तीनशे बारा, सोळा दिवस. तुमच्याच कार्यालयात शेजारच्या टेबलावर ज्या बाई बसतात त्यांना एकशे ऐंशी दिवस पूर्ण पगारी रजा आहे, आणि असावीच. खासगी कंपनीतल्या बाईला २०१७च्या दुरुस्तीनं सव्वीस आठवडे मिळतात. उन्हात राबणारीला सोळा दिवस, तेही फॉर्म मंजूर झाला तर. बाळंतपणाच्या वेदनांची श्रेणी पगाराच्या श्रेणीप्रमाणं असते, हे तुम्ही शोधून काढलंत.

पैसे नाहीत असं मात्र सांगू नका. आमच्या राज्यातल्या तुमच्या भावकीनं ते खोटं पाडलंय. २८ जून २०२४ला महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना जाहीर झाली. चौदा ऑगस्टपासून, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, लाखो खात्यांत पैसे पडायला लागले. दरमहा दीड हजार, वर्षाचे अठरा हजार, आणि त्या वर्षासाठी ४६ हजार कोटींची तरतूद. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती हा योगायोगच. त्यात पुढं चौदा हजारांवर पुरुषांनी बहिणी बनून पैसे उचलल्याचं निघालं. म्हणजे मिशा असलेली बहीण यंत्रणेच्या नजरेतून निसटते आणि आडनावात एक काना कमी असलेली गरोदर पोरगी मात्र तिथंच अडकते. मला लाडक्या बहिणींचा हेवा नाही, माझ्या घरातही आहेत. मला एवढंच दिसलं की सरकारला द्यायचं असलं की आठ आठवड्यांत देता येतं. द्यायचं नसलं की पोर्टल लागतं.

तुमच्या तिजोरीचं चित्रही बघू. २०१७-१८च्या अर्थसंकल्पात एकट्या मातृ वंदना योजनेला २,७०० कोटी ठेवले होते. त्या वर्षी डिसेंबरात साठ अर्थतज्ज्ञांनी तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांना पत्र लिहून सांगितलं की कायद्याप्रमाणं द्यायचं तर केंद्राला किमान आठ हजार कोटी लागतील. त्यांना कुणी उलट टपाल पाठवल्याचं ऐकिवात नाही. मग २०२२पासून तुम्ही शक्कल लढवलीत. मातृ वंदना, पाळणाघरं, निराधार महिलांची निवासं, सगळं एका ‘सामर्थ्य’ नावाच्या गाठोड्यात बांधलंत आणि अख्ख्या गाठोड्याला अडीच हजार कोटींच्या आसपास देत राहिलात. आता मातेच्या वाट्याला नेमकं किती हे अर्थसंकल्पाच्या ओळीत शोधायचं तर भिंगही पुरत नाही. आमच्या घरी किराणा, फी आणि औषधं एका ओळीत लिहून नवऱ्यानं महिन्याचा हिशेब दाखवला असता तर बायकोनं रात्रीचं जेवण बाहेर ठेवलं असतं.

आणि तो सहा हजारांचा आकडा २०१३चा आहे, हे विसरलात का? तेव्हाचे सहा हजार आजच्या महागाईनं दहा हजारांच्या पुढं जातात. तमिळनाडूनं अशी मदत १९८७ साली तीनशे रुपयांपासून सुरू केली आणि वाढवत वाढवत २०१८ला अठरा हजारांवर नेली. रोख आणि पोषणाचं साहित्य मिळून. महागाई मोजायला तुम्हाला येत नाही असंही नाही. २०१८च्या वित्त कायद्यात खासदारांचा पगार महागाई निर्देशांकाला बांधला गेला, दर पाच वर्षांनी आपोआप वाढेल असा. त्याप्रमाणं मार्च २०२५मध्ये लाखाचे एक लाख चोवीस हजार झाले, तेही १ एप्रिल २०२३पासूनच्या फरकासह. ना ओटीपी, ना नाव जुळणी, ना पहिल्याच जिवंत अपत्याची अट.

एक जुनी गोष्ट सांगतो, तुमच्या फायलीत नसेल. १९२०च्या मार्चात आमच्या जिल्ह्यातल्या माणगावला परिषद भरली होती. तिथं शाहू महाराजांनी एका तरुण बॅरिस्टर होऊ घातलेल्या माणसाकडं बोट दाखवून, हाच तुमचा पुढारी, असं लोकांना सांगितलं. तो तरुण आठ वर्षांनी मुंबईच्या कायदेमंडळात उभा राहिला. चर्चा होती गिरण्या-कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणाचा भत्ता देण्याच्या विधेयकावर, आणि विरोधकांचं म्हणणं, खर्च कोण करणार? डॉ. आंबेडकरांनी तिथं मांडलं की बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार सरकारनंच उचलायला हवा. १९२९मध्ये मुंबई प्रांताचा कायदा झाला, देशातला या प्रकारचा पहिला. परक्यांचं राज्य होतं, तिजोरी तेव्हाही तंगच होती, आणि उत्तर तेव्हाच दिलं गेलं होतं. तुम्ही प्रश्न अजून त्या विरोधकांच्याच बाकावरून विचारताय.

म्हणून आमची मागणी ऐका. कापलेले हजार परत ठेवा. प्रत्येक म्हटलंय तर प्रत्येकीला द्या, पोटातलं कितवं आणि कोण हे न विचारता. रक्कम खासदारांच्या पगाराला लावलाय त्याच निर्देशांकाला बांधा. आणि पैसे सहाव्या महिन्याच्या आत पोचवा, बारशाच्या जेवणावळीला नकोत. आमच्या जिल्ह्यातून लोकसभेत दोघे जातात, कोल्हापूरचे शाहू छत्रपती आणि हातकणंगल्याचे धैर्यशील माने. त्या दोघांनी मिळून सभागृहात एवढंच विचारावं: कलम चारमधला ‘प्रत्येक’ सरकारला मान्य आहे की नाही? एकाचं नाव शाहू आहे आणि दुसऱ्याच्या मतदारसंघात माणगाव आहे, तेव्हा विचारायला दुसरं कारण लागू नये.

कळावे. लोभ तुमचा आहेच, तो थोडा कमी करावा.

आपला,
कोल्हापूरचा एक करदाता

ता. क. हे साहेबांसाठी नाही, वाचणाऱ्यांसाठी. घरात, शेजारी, शेतावर कामाला येणाऱ्यांत कुणी पहिलटकरीण असेल तर अर्जाची मुदत शेवटच्या पाळीच्या तारखेपासून ५७० दिवस आहे, आणि दुसरी मुलगी झाली असेल तर जन्मापासून २७० दिवस. अर्ज आशाताईकडं किंवा अंगणवाडीत. जाण्याआधी आधारला नेमकं कुठलं खातं जोडलंय तेवढं बँकेत विचारून घ्या.